मानेच्या मणक्यांच्या शस्त्रक्रियेनंतरचा थकवा

मानेतील मज्जारज्जू किंवा मज्जातंतूंवरील दाब दूर करण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे ते काही महिने जाणवणाऱ्या गळाल्यासारख्या अवस्थेला शस्त्रक्रियेनंतरचा थकवा म्हणतात. तो बहुधा बरे होण्याच्या प्रक्रियेचाच भाग असतो; मात्र जखम वरून भरलेली दिसत असल्याने घरच्यांना तो आळस वाटण्याची शक्यता असते.

पार्श्वभूमी

मानेत ७ मणके असून तेथून मज्जातंतूंच्या ८ जोड्या निघतात. चकती सरकल्यास किंवा हाड वाढल्यास हातांत वेदना, मुंग्या व अशक्तपणा येतो. मज्जारज्जू दबल्यास चालताना तोल जातो. १९५० च्या दशकात पुढे आलेल्या एका पद्धतीत मानेच्या पुढील बाजूने चकती काढून शेजारचे मणके जोडतात. त्वचेची जखम साधारण दोन आठवड्यांत भरते. मणके जुळून येण्यास मात्र बहुधा ३ ते ६ महिने, कधी वर्षही लागते.

कारणे

ऊती व हाड भरून येण्यासाठी शरीराची ऊर्जा खर्च होते. वेदनाशामक, तसेच प्रीगाबालिनसारख्या औषधांनी गुंगी येते. गळपट्ट्यामुळे झोप मोडते. गिळताना त्रास झाल्यास आहार घटतो. हालचाल कमी झाल्याने स्नायू क्षीण होतात. रक्तक्षय व खिन्नता यांमुळेही थकवा वाढतो.

बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात

हा जिल्हा प्रामुख्याने कापूस व सोयाबीन पिकवणारा आहे. डोक्यावरील चाऱ्याचा भारा, पाठीवरचा फवारणी पंप आणि वाकून केलेली निंदणी यांचा ताण मानेवर येतो. हंगाम साधण्यासाठी डॉक्टरांच्या परवानगीपूर्वी ही कामे सुरू करणे धोक्याचे ठरते. रेल्वेमार्ग जिल्ह्याच्या उत्तरेकडील मलकापूर, नांदुरा व शेगाव येथून जातो. त्यामुळे लोणार, मेहकर यांसारख्या दक्षिण भागातील रुग्णांना तपासणीसाठी रस्त्याने दूरचा प्रवास करावा लागतो. अशा प्रवासानंतर एक दिवस विश्रांती राखून ठेवणे हितावह असते.

उपाय

रोज थोडे चालून अंतर हळूहळू वाढवणे, कामे तुकड्यांत वाटणे आणि डाळी, अंडी, दूध यांसारखा प्रथिनयुक्त आहार घेणे उपयुक्त ठरते. तंबाखू व धूम्रपानामुळे हाड जुळण्यास अडथळा येतो. औषधे स्वतःहून बंद करू नयेत. मानेचे व्यायाम सल्ल्यानेच करावेत.

धोक्याची लक्षणे

हातापायांत नव्याने अशक्तपणा, तोल जाणे, लघवी वा शौचावरील ताबा सुटणे, ताप, जखमेतून स्राव, पोटरीला सूज किंवा गिळण्याचा वाढता त्रास असल्यास तातडीने डॉक्टरांना दाखवावे. श्वास घेण्यास अडचण आल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.