लोणावळ्याचा महासीर कावेरीत

गळाला लागलेला मासा मोजून-वजन करून पुन्हा पाण्यात सोडायचा, हा छंद आपल्याकडे अनेकांना विचित्र वाटतो. खायचा नाही तर पकडायचा कशाला? परंतु या छंदाच्या नोंदवह्यांतूनच दक्षिणेतील एका नदीत काय घडले ते आम्हा संशोधकांना कळले, आणि त्या हकिकतीची सुरुवात मावळात होते.

औंढे-लोणावळा परिसरातील वाचकांना वळवणचे धरण परिचयाचे असेलच. खोपोलीच्या वीजकेंद्रासाठी टाटांनी इंद्रायणीचे पाणी येथे अडवले. (एरवी भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जाणारे हे पाणी वीज देऊन कोकणात उतरते.) या भागातील तलावांत महासीर आहे. तो रोहू-कटल्याच्या कुळातील, मोठ्या खवल्यांचा, मूळचा वाहत्या पाण्यातला मासा. दख्खनी महासीराचे शास्त्रीय नाव टॉर खुद्री. यातले ‘खुद्री’ लॅटिन नव्हे. कर्नल साईक्स याने १८३९ मध्ये मुळा-मुठेतील या माशाचे वर्णन केले, तेव्हा इथल्या लोकांच्या तोंडचे नावच त्याने वापरले.

पावसाळ्यात महासीर प्रवाहाविरुद्ध वर चढतो आणि गोटे-खडीच्या तळावर अंडी घालतो. रोहूच्या मादीची अंडी लाखांत मोजावी लागतात. महासीराची त्या मानाने फार थोडी, आणि तीही टप्प्याटप्प्याने येतात. अंडी जड असल्याने तळाशी बसतात. पिलू बाहेर आल्यावरही काही दिवस पोटाखालच्या बलकावर जगत, कोपऱ्यात गोळा होऊन जवळजवळ निपचित पडून राहते. या दिवसांत गाळ आला किंवा पाणी आटले, तर सगळी वीण जाते. धरणाने वर जायची वाट अडवली, तर वीण होणेच कठीण.

डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९७० च्या सुमारास लोणावळ्याला या माशाच्या विणीचा अभ्यास केला. पुढे टाटांच्या वळवण येथील केंद्रात पैदास सुरू झाली. पक्व मादीचे पोट हलकेच दाबून अंडी ताटलीत घ्यायची, त्यावर नराचे वीर्य मिसळायचे आणि फलित अंडी वाहत्या स्वच्छ पाण्यात ठेवायची, अशी ही पद्धत. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी ही अंडी ओल्या कापसात ठेवून विमानानेही पाठवता येतात हे दाखवले. त्यांचा निबंध १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. दुर्मिळ होत चाललेल्या माशाची पिले हाताशी आल्यावर ती निरनिराळ्या राज्यांतील नद्यांत-तलावांत सोडली गेली. कर्नाटकातील कावेरी ही त्यांपैकी एक.

कावेरीत आधीपासूनच एक महासीर होता. मानेमागे उंचवटा, नारिंगी पर, आणि वजन पन्नास किलोपर्यंत! त्याच्या ओढीने देशोदेशीचे गळकरी येत. गलीबोरेसारख्या नदीकाठच्या तळांवर गावातलीच माणसे वाटाडे म्हणून असत, आणि त्यांच्यापैकी काही पूर्वी चोरून मासे मारणारे होते. कोणत्या डोहात मासा आहे हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? वेताच्या गोल होडीतून ते पाहुण्याला खडकापर्यंत नेत आणि गळाला नाचणीच्या शिजवलेल्या पिठाचा गोळा लावून देत. मिळालेला मासा वहीत नोंदला जाई आणि परत सोडला जाई. सोबत गळ टाकून किती तास बसलो, हेही लिहिले जाई.

पुढे संशोधकांनी १९९८ ते २०१२ या काळातील या वह्या तपासल्या. २३,००० हून अधिक तास आणि ६,००० हून अधिक मासे, म्हणजे सरासरी सुमारे चार तासांना एक. वर्षागणिक पाहिले तर तासामागे मिळणारे मासे वाढत होते आणि त्यांचे सरासरी वजन घटत होते. याचा अर्थ काय, हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा. मोठे मासे मेले म्हणून सरासरी उतरली, की लहान मासे भरपूर जन्मले म्हणून? नुसत्या सरासरीवरून सांगता येत नाही. येथे संख्याही वाढत असल्याने दुसरे उत्तर अधिक पटते आणि सगळे आलबेल आहे असे वाटते.

पण नोंदी परांच्या रंगाप्रमाणे वेगळ्या केल्यावर चित्र पालटले. वाढ होती ती निळसर परांच्या, म्हणजे बाहेरून आणलेल्या माशांची. उंचवट्याच्या माशांत मोठे तेवढे अधूनमधून मिळत. पिले जवळजवळ दिसेनाशी झाली होती. धरणे, वाळूउपसा, सुरुंगाची मासेमारी यांचा भार नदीवर होताच. परंतु त्याच नदीत लोणावळ्याची जात फोफावत होती, हे विसरता येत नाही.

गंमत अशी, की दीडशे वर्षे जगभर गाजलेल्या या कावेरीच्या माशाला स्वतःचे पक्के शास्त्रीय नाव नव्हते. केरळातील पांबार नदीतून २००७ मध्ये वर्णन केलेली टॉर रेमादेवी हीच ती जात, हे २०१८ मध्ये ठरले. आज तिची गणना अतिसंकटग्रस्त जातींत होते. उलट आपला टॉर खुद्री त्याच सुमारास जागतिक यादीत ‘कमी चिंतेच्या’ गटात गेला. वळवणच्या कामाला यासाठी दोष देणे आम्हाला योग्य वाटत नाही. दक्षिणेतील महासीरांची वर्गवारीच तेव्हा धड लागलेली नव्हती. मात्र आता पिले सोडायची तर त्या जातीच्या मूळ खोऱ्यातच सोडावीत, हे उघड आहे.

अभयारण्यातील गळाचा खेळ २०१२ मध्ये वन्यजीव कायद्याखाली बंद झाला आणि त्याबरोबर वह्याही थांबल्या. अशी वही आपल्या तलावाकाठीही ठेवता येईल. रोज मासे धरणाऱ्या कोळ्याला विचारून विद्यार्थ्यांनी तारीख, किती तास, कोणती जात, लांबी असे चार रकाने भरावेत. ज्या दिवशी एकही मासा मिळाला नाही, त्या दिवसाचे तासही लिहावेत. ते गळले तर तासामागचा आकडा फुगलेला येतो.