'दलाली दोन टक्के' : तोंडी बोली आणि लेखी करार

घराच्या खरेदीविक्रीत मध्यस्थाच्या मोबदल्याविषयी जी बोलणी होतात, ती बहुधा अत्यंत त्रोटक असतात. 'दलाली दोन टक्के' ह्या तीन शब्दांत क्रियापद नाही, कर्ता नाही, काळही नाही. दोन टक्के कशावर, कोणी आणि मुख्यतः केव्हा द्यावयाचे, हे सारे अध्याहृत राहते. वाद उत्पन्न होतो तो ह्या अध्याहृत भागाविषयीच.

लंडनच्या हॅकनी भागातील एका प्रकरणात हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 2008 च्या जानेवारीत एका दलालाने सदनिकांच्या मालकास दूरध्वनीवरून आपला दर सांगितला : दोन टक्के, अधिक कर. दलाली कोणत्या घटनेनंतर देय होईल, ह्याचा उच्चार झाला नाही. दलालाने आणलेल्या गृहनिर्माण संस्थेने शिल्लक सदनिका 21 लाख पौंडांस घेतल्या; मालकाने दलाली नाकारली. देय होण्याची घटनाच ठरली नव्हती, तेव्हा करारच झाला नाही, असे अपील न्यायालयाने बहुमताने ठरविले. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला : व्यवहार पूर्ण होऊन पैसे हाती आल्यावर त्यांतून दलाली द्यावयाची, हे त्या संभाषणातूनच समजण्याजोगे होते. लॉर्ड ब्रिग्ज ह्यांनी दारोदार झाडू विकणाऱ्याचा दाखला दिला. तो झाडू पुढे करतो, किंमत उच्चारतो, गृहस्थ मान डोलावून पाकिटाकडे हात नेतो. वस्तू कोणती आणि पैसे केव्हा, हे कोणी बोलत नाही, तरी सौदा पुरा होतो. संदर्भ हा अर्थाचाच घटक होय, हे भाषाशास्त्राचे परिचित प्रमेय येथे न्यायाधीशांच्या मुखातून आलेले दिसते.

तथापि दलालाचा विजय निर्भेळ नव्हता. 1979 च्या ब्रिटिश कायद्याच्या कलम 18 प्रमाणे मोबदल्याच्या अटी करारापूर्वी कळविणे आवश्यक असते. ह्या दलालाच्या लेखी अटी खरेदीदार मिळाल्यानंतर पोचल्या. म्हणून मूळ न्यायाधीशाने दलालीची एक तृतीयांश रक्कम कापली होती, ती कपात कायम राहिली. शिवाय त्या लेखात दलाली करारपत्रांच्या देवघेवीच्या वेळीच देय होते असे म्हटले होते, म्हणजे न्यायालयाने बोलीतून काढलेल्या अर्थाहून निराळे!

मराठी व्यवहारात अडचण अधिकच सूक्ष्म आहे. 'दलाल' हा शब्द मूळ अरबी. त्याचा धातू 'दाखविणे, वाट दाखविणे' ह्या अर्थाचा. मग दलाली ही घर दाखविल्याची, गिऱ्हाईक आणल्याची, की सौदा तडीस नेल्याची? भारतीय करार कायदा, 1872, कलम 219 सांगतो की विशेष करार नसल्यास काम पूर्ण होईपर्यंत अभिकर्त्याचा मोबदला देय होत नाही. परंतु 'काम' कोणते, हे कायदा सांगू शकत नाही. ते पक्षांनीच सांगावयाचे. 'सौदा झाला' हे मराठी वाक्य इसार देताना, साठेखत होताना आणि खरेदीखताच्या नोंदणीनंतर, तिन्ही प्रसंगी सारख्याच सहजतेने उच्चारले जाते. इसारानंतर व्यवहार मोडला, तर दलालाच्या दृष्टीने सौदा 'झालेला' असतो आणि मालकाच्या दृष्टीने 'मोडलेला'. दोघेही भाषेच्या दृष्टीने बरोबरच असतात.

भारतात ह्या कराराला लेखी रूप हवेच असे करार कायदा म्हणत नाही. तोंडी करारही बंधनकारक असतो, मात्र तो सिद्ध करावा लागतो. अटी एकदा लेखात आल्या म्हणजे त्यांच्याशी विसंगत तोंडी पुरावा काही अपवाद वगळता चालत नाही. पूर्वी 1872 च्या पुरावा कायद्यात असलेला हा नियम 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमात आला आहे. म्हणून लेख म्हणजे बोलीची केवळ नक्कल नव्हे. तो बोलीला मागे सारतो. साहजिकच 'सौदा झाल्यावर' हेच शब्द कागदावर उतरविल्याने संदिग्धता जात नाही, उलट पक्की होते. 'खरेदीखताची नोंदणी झाल्यावर, खरेदीखतातील किमतीवर, विक्रेत्याने' असे लिहिले, तरच तीन शब्दांतले क्रियापद, आधार आणि कर्ता जागेवर येतात.