घराचा जमाखर्च कोणाच्या हाती?

दिवाळीच्या पाडव्याला व्यापारी नवी वही घालतो आणि संसारी माणूस नवा संकल्प सोडतो : "यंदापासून घरखर्चाचा पै-पैचा हिशेब लिहायचा!" तुळशीचे लग्न लागेपर्यंत हा संकल्प टिकतो. पुढे दूधवाल्याचे पंधरा दिवस मांडायचे राहतात, भाजीचे सुटे पैसे आठवत नाहीत, आणि महिनाअखेरीला 'किरकोळ' या सदरात तीन-चार हजार रुपये ढकलून गृहिणी मोकळी होते.

अलीकडे वहीची जागा मोबाइलने घेतली आहे. हिशेबाची ॲप्स आणि सॉफ्टवेअर इतकी निघाली आहेत की, त्यांतले कोणते घ्यावे हाच एक नवा प्रश्न संसारात दाखल झाला. आमच्याही घरी तो आला, पण हौसेने नव्हे, गरजेने.

मी नांदेडची, माझी थोरली बहीण अक्का लातूरला असते. दाजींचे गंजगोलाईजवळ दुकान होते आणि हिशेबाला ते अगदी पक्के. घरचा सारा जमाखर्च मोबाइलवरच्या एका ॲपमध्ये ठेवीत आणि आम्हांला कौतुकाने दाखवीत. दोन वर्षांपूर्वी ते अचानक गेले. तेरावा उरकल्यावर मी अक्काला विचारले, "विम्याचा हप्ता कुठल्या महिन्यात असतो गं?"

"मला काय ठाऊक बाई," अक्का म्हणाली. "ते सगळं त्यांच्या मोबाइलात होतं."

तो मोबाइल उघडायला दाजींचेच बोट हवे होते.

पुढचे चार महिने अक्का आणि मी कपाटातल्या चिठ्ठ्या, जुनी पासबुके आणि पावत्या घेऊन बँकांच्या पायऱ्या चढत होतो. बेवारस ठेवी शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२३ साली 'उद्गम' नावाची सोय केली आहे खरी. परंतु तेथे दहा वर्षे कोणी विचारले नाही अशा ठेवी सापडतात. अक्काला तर जूनमध्ये फी भरायची होती. हिशेब पैशापैशाने बरोबर होता. मात्र घरातल्या दुसऱ्या माणसाला तो वाचता येत नव्हता. आमच्या शोधाची पहिली कसोटी येथेच ठरली.

दुसरी कसोटी सुचली ती माझ्या सासऱ्यांच्या रोजमेळावरून. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, आणि हैदराबादचे चलन निराळे. त्यामुळे त्या वहीत काही रकमा 'हाली' शिक्क्यात आहेत, तर काही 'कलदार' रुपयांत. सप्टेंबर १९४८ मध्ये राज्य बदलले. पुढे हाली शिक्का गेला. १ एप्रिल १९५७ पासून सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. राज्य गेले, नाणी गेली, आणे-पै गेले. वही आजही उघडते आणि वाचता येते.

सॉफ्टवेअरचे आयुष्य मात्र इतके नसते. घरखर्चाचे मायक्रोसॉफ्टचे 'मनी' १९९१ साली आले आणि २००९ साली त्याची विक्री थांबली. अमेरिकेत लाखो लोक वापरीत असलेले 'मिंट' २००७ साली निघाले आणि २०२४ मध्ये बंद झाले. त्याची मालक असलेली 'इंट्यूट' ही कंपनी स्थापन झाली १९८३ साली. तिचे संस्थापक स्कॉट कुक यांना घरखर्चाच्या सॉफ्टवेअरची कल्पना सुचली ती घरची बिले भरण्याचा पत्नीला आलेला कंटाळा पाहून. तेव्हा दुसरी कसोटी अशी : आपला हिशेब ॲपमधून बाहेर काढून साध्या तक्त्याच्या रूपाने आपल्याजवळ ठेवता आला पाहिजे. ज्या घराला बाहेर पडायचे दार नाही, त्या घरात बिऱ्हाड करू नये.

माझी भाची पुण्याला नोकरी करते. तिने सुट्टीत येऊन आम्हां बहिणींना तीन तऱ्हा करून दाखवल्या.

पहिली तऱ्हा बँकेचे एसएमएस वाचून आपोआप खर्च मांडणाऱ्या ॲपची. सोय मोठी, परंतु भाजीवाली, मोलकरीण आणि रिक्षावाला यांना दिलेली रोकड त्याला दिसत नाही, आणि काही बँका लहान रकमांचे एसएमएस धाडीतच नाहीत. शिवाय एसएमएस वाचायची परवानगी दिली की, घरातली सारी पत्रे परक्याच्या हाती दिल्यासारखे होते. याहून बरा मार्ग म्हणजे २०२१ पासून सुरू झालेली 'अकाउंट अ‍ॅग्रिगेटर' पद्धत. तीत कोणती माहिती, कोणाला आणि किती काळ द्यायची हे आपण ठरवतो, आणि दिलेली संमती परतही घेता येते.

दुसरी तऱ्हा 'पाकिटां'ची. आपल्या आज्या डब्यांत पैसे वेगळे ठेवीत, तीच ही रीत. 'वायनॅब' या अमेरिकन सॉफ्टवेअरचा सारा भर तिच्यावर आहे. पण त्याला वर्गणी पडते. रीत मात्र फुकट आहे, ती घ्यावी. आमच्याकडे पगार महिन्याचा; शेतीचा वाटा मात्र सोयाबीनचा दिवाळीला आणि तुरीचा संक्रांतीच्या सुमाराला येतो. क्लासची फी ६० हजार, विमा १८ हजार, सणवार २४ हजार; हे एकूण १ लाख २ हजार बारा महिन्यांत वाटले की दरमहा साडेआठ हजार होतात. सोयाबीनचे पैसे हाती आले की, चार महिन्यांचे ३४ हजार आधीच पाकिटात टाकायचे. मग जूनमध्ये उसनवारीला जावे लागत नाही.

तिसरी तऱ्हा दुनोंदीची. व्हेनिसमध्ये १४९४ साली लुका पाचोली यांनी ती ग्रंथात छापली. 'ग्नूकॅश' हे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर त्याच पायावर उभे आहे, आणि त्याचा हिशेब आपल्याच संगणकावर राहतो. तिचा उपयोग आम्हांला लगेच पटला. माझा मुलगा अकरावीला 'लातूर पॅटर्न'साठी अक्काकडे राहतो. त्याच्यासाठी मी दरमहा १० हजार धाडते. साधे ॲप ते माझ्याकडे खर्च म्हणून धरते, आणि अक्का त्यांतून मेसचे पैसे भरते तेव्हा पुन्हा खर्च मांडते. दहाचे वीस होतात! दुनोंदीत हे पैसे नांदेडच्या कप्प्यातून लातूरच्या कप्प्यात जातात, एवढेच. खर्च होतो तो मेसचे पैसे दिल्यावर, एकदाच.

ग्नूकॅश सर्वांत चोख, यात शंका नाही. परंतु अक्काने पडद्याकडे पाहून हात जोडले. "मला वाचता येईल असं काढ बाई," ती म्हणाली. भाचीने मग स्प्रेडशीटमध्ये एक मराठी तक्ता केला : तारीख, कुठून, कुठे, रक्कम, कशासाठी. पाचच रकाने! दुनोंदीचा गाभा 'कुठून-कुठे' यात आला. दोघी आपापल्या मोबाइलवरून तो भरतो, आणि महिनाअखेरीला त्याचा छापील कागद फाइलला लागतो.

फाइलच्या पहिल्या पानावर आणखी एक यादी आहे : खाती कुठल्या बँकांत, विमा कुठला व हप्ता कधी, कोणाचे देणे, कोणाकडून येणे, वारस म्हणून नाव कोणाचे. पासवर्ड तिच्यात नाहीत, ते लिहूही नयेत. बँकेत जाऊन विचारायला एवढी माहिती पुरते.

तेव्हा यंदा पाडव्याला ॲप जरूर निवडा. पण निवडण्यापूर्वी एक परीक्षा घ्या. हिशेब ठेवणाऱ्याने बाहेरच्या खोलीत बसावे, आणि दुसऱ्या माणसाने पाच प्रश्नांची उत्तरे एकट्याने शोधावीत : शिल्लक किती, कुठे आहे, पुढचा हप्ता कोणता, देणे किती, येणे किती? नवऱ्याला, बायकोला किंवा लग्नाच्या वयाच्या मुलीला ती दहा मिनिटांत सापडली, तर ते सॉफ्टवेअर तुमच्या घरचे. नाही सापडली, तर ते कितीही नामांकित असो, घरात त्याचा मालक एकटाच आहे असे समजावे आणि दुसरे शोधावे.