तेल-वायूच्या विहिरींत वाळू का शिरते?

मुंबई हायचा मुख्य तेलसाठा चुनखडीच्या खडकात आहे. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील डी-६ क्षेत्राचा वायू मात्र वाळूच्या थरांत. एप्रिल २००९ मध्ये तेथे वायू उत्पादन सुरू झाले आणि काही वर्षांतच पाणी व वाळू शिरल्याने अनेक विहिरी बंद कराव्या लागल्या.

अशा ठिसूळ थरांत कणांना जोडणारे बंध दुबळे असतात. उपसा वाढला की दाब घटतो, वरच्या खडकांचा भार कणांवर येतो. पाणी आल्यास बंध आणखी सैल होतात. सुटलेली वाळू नळ्या आणि झडपा झिजवते.

उपाय म्हणून विहिरीच्या तळाशी जाळी बसवून तिच्याभोवती नेमक्या आकाराची भरड वाळू भरतात. म्हणजे वाळूनेच वाळू अडवायची. जाळी फार बारीक असल्यास तीच तुंबते. उपसा आवरणे हा उपाय सोपा. परंतु त्याने गुंतवणुकीची वसुली लांबते.