गायनपार्टीची तारीख धरणारा माणूस

राणीसावरगाव (ता. गंगाखेड, जि. परभणी) : मार्च महिना लागला की आमच्याकडे वर्गणीची पावतीपुस्तके निघतात. विहारात बैठक बसते आणि पहिला प्रश्न येतो, "यंदा गायनपार्टी कोणाची?" मंडप, मिरवणूक, भोजनदान यांना माणसे पुष्कळ पुढे येतात. गायकाची तारीख धरणे, सुपारी देणे, बिदागी ठरवणे हे काम मात्र एकाच्याच गळ्यात पडते. कार्यक्रम रंगला तर नाव गायकाचे, बिघडला तर बोल याला.

शहरात आज या कामाला पगार आहे. पुण्यात २०१० साली सुरू झालेल्या एनएच सेव्हन वीकेंडरसारखे मोठे संगीत महोत्सव भरवणाऱ्या कंपन्या कलावंत ठरवायला माणूस नेमतात. त्याला बुकिंग एक्झिक्युटिव्ह म्हणतात. आधी तो फोन, करारपत्रे, प्रवासाची तिकिटे सांभाळतो. अनुभव आला की कलावंत निवडण्याचा आणि रक्कम ठरवण्याचा अधिकार त्याच्याकडे येतो.

आपल्या समाजाला हे काम नवे नाही. भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे गावोगाव गेले, तेव्हा कोणीतरी निरोप धाडला असेल, भाकरीची आणि उतरण्याची सोय केली असेल. त्या माणसांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. वामनदादा कर्डकांनी (१९२२-२००४) आयुष्यभर गावे पालथी घातली. त्यांच्या गाण्यांवर पिढ्या घडल्या, पैसा मात्र त्यांच्या वाट्याला फारसा आला नाही.

१४ एप्रिल एकच आणि गावे हजारो, म्हणून जयंतीचे कार्यक्रम मे महिन्यापर्यंत चालतात. जाणता माणूस याचाच उपयोग करतो. एक रात्र परभणी जिल्ह्यात, दुसरी नांदेड, तिसरी लातूर अशा तारखा जोडल्या की गाडीभाडे वाटले जाते आणि पार्टीला सलग काम मिळते. दुसरी गोष्ट वेळेची. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंत सूट देऊ शकते. त्या दिवसांत आपली तारीख आहे का, हे पोलीस ठाण्यात आधीच विचारावे. नाहीतर पाहुण्यांची भाषणे नऊपर्यंत लांबतात आणि गायकाला जेमतेम तास उरतो.

आता एक दुखरी गोष्ट. शेजारच्या एका गावात आम्हाला हिशेब लिहायला बोलावले होते. गावाचे नाव घेत नाही. कार्यक्रम उत्तम झाला. मंडपवाल्याचे आणि डीजेचे पैसे आधी चुकते झाले. गायिकेच्या हातावर निम्मी बिदागी ठेवून कार्यकर्ते म्हणाले, "ताई, बाकीचे वर्गणी जमली की पाठवतो." ताई झोपलेले लेकरू खांद्यावर घेऊन जीपमध्ये बसल्या. वही आमच्या हातात होती, तरी आम्ही गप्प राहिलो. ते पैसे कधी गेले नाहीत. पुढच्या वर्षी ओळखीच्या एकाही पार्टीने त्या गावची सुपारी घेतली नाही.

तेव्हापासून आम्ही मंडळांना सांगतो, इसार देतानाच कागद करा. त्यावर तारीख, वेळ, माणसे किती, गाडीभाडे कोणाचे, बिदागी किती आणि कार्यक्रम रद्द झाला तर इसाराचे काय, हे लिहून दोघांच्या सह्या घ्या. उरलेली रक्कम कार्यक्रमाआधीच बाजूला काढा. हिशेबाच्या वहीत गायकाचा आकडा मंडपाच्या वर लिहा.

घरात शिकून बसलेला मुलगा किंवा मुलगी असेल, तर त्यांनी या कामाकडे धंदा म्हणून पाहावे. चार पार्ट्या आणि चार मंडळे यांच्यापासून सुरुवात होते. काम हंगामी आहे, म्हणून हातची नोकरी लगेच सोडू नये. पण रमाई जयंती, बुद्धपौर्णिमा, अशोक विजयादशमी धरली तर वर्ष अगदीच रिकामे जात नाही. आपला मोबदला किती आणि कोणाकडून, हे दोन्ही बाजूंना आधी सांगावे. चोरून दोन्हीकडून घेणारा दलाल होतो.

तथागतांनी अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका सांगितली आहे. बाबासाहेबांचे विचार गाणाऱ्या ताईला रात्री अर्ध्या बिदागीवर परत पाठवणे त्या मार्गात बसत नाही. यंदाच्या बैठकीत, समाजबांधवहो, पहिला ठराव एवढाच करा. जयभीम!