सायंटिफिक कॅल्क्युलेटर निवडताना

सायंटिफिक कॅल्क्युलेटर घेताना किमतीच्याही आधी परीक्षेचे नियम पाहावेत. जेईई मेनमध्ये कोणताच कॅल्क्युलेटर चालत नाही. गेटमध्ये संगणकाच्या पडद्यावर दिलेलाच वापरावा लागतो. विद्यापीठांच्या अभियांत्रिकी परीक्षांत सहसा प्रोग्रॅम न साठवणाऱ्या कॅल्क्युलेटरलाच परवानगी असते. त्यामुळे आलेख काढणाऱ्या महागड्या मॉडेलवर खर्च करण्यात इथल्या बहुतेक विद्यार्थ्यांना अर्थ नाही.

त्यानंतर प्रश्न अभ्यासक्रमाचा. त्रिकोणमिती, लॉगरिदम आणि साधी सांख्यिकी एवढ्यासाठी कॅसिओचा एफएक्स-८२एमएस पुरतो. अभियांत्रिकीत तो तोकडा पडतो. एसी सर्किट सोडवताना संमिश्र संख्या लागतात, स्ट्रक्चरच्या गणितांत मॅट्रिक्स लागते. या दोन्ही सोयी त्यात नाहीत. त्या एफएक्स-९९१ईएस प्लसमध्ये आहेत. तो तीन चलांची एकसामयिक समीकरणे सोडवतो, ३ × ३ मॅट्रिक्स हाताळतो, डेफिनिट इंटिग्रलची किंमत काढतो आणि अपूर्णांक व वर्गमूळ पुस्तकात छापतात तसेच दाखवतो. ९९१ईएक्स चार चलांपर्यंत आणि ४ × ४ मॅट्रिक्सपर्यंत जातो. पदवीच्या बहुतेक विषयांना ईएस प्लस पुरेसा आहे.

खरी कसोटी वापरात लागते. sin ३० चे उत्तर डिग्रीत ०.५ येते, रेडियनमध्ये −०.९८८ आणि ग्रेडमध्ये ०.४५४. कोणते माप चालू आहे हे पडद्याच्या वरच्या कडेचे बारीक अक्षर सांगते. हे अक्षर सहज नजरेत भरते का, हे दुकानातच पाहून घ्यावे. इंटिग्रलमध्ये sin किंवा cos असेल तर माप रेडियनच हवे. डिग्रीवर राहिले तर उत्तर चुकते आणि यंत्र कसलीही सूचना देत नाही.

कंसाचेही तसेच. ६÷२(१+२) याचे उत्तर काही कॅल्क्युलेटर १ देतात, काही ९. दोन आणि कंस यांच्यामधला न लिहिलेला गुणाकार आधी करायचा की नाही, याचा नियम मॉडेलनुसार बदलतो. नवे यंत्र हाती आल्यावर हे उदाहरण एकदा करून पाहावे आणि परीक्षेत कंस स्वतःच पूर्ण लिहावेत.

कळांची मांडणीही सर्व मॉडेलांत सारखी नसते. ९९१सीडब्ल्यूची रचना ईएक्सपेक्षा बरीच वेगळी आहे, त्यामुळे जुन्या मॉडेलवर बसलेला हात तिथे अडखळतो. कॅल्क्युलेटर सत्राच्या सुरुवातीलाच घ्यावा आणि वर्षभर तोच वापरावा.