दारातला युफोर्बिया आणि पळून जाणारी लक्ष्मी

गोंदिया जिल्ह्यातल्या सडक अर्जुनीत महामार्गाच्या कडेला रोपांची गाडी थांबली की लाल-गुलाबी झुबक्यांचा काटेरी युफोर्बिया आधी नजरेत भरतो. घेणारा भाव विचारतो न विचारतो, तोच शेजारून सल्ला येतो, "काट्याचं झाड हाय, वरून दूध निघते. दारात नोको लावू, पैसा टिकत नाही घरात."

ही भीती अगदीच निराधार नाही. घराजवळच्या काटेरी झाडांमुळे शत्रुभय आणि चिकाच्या झाडांमुळे धननाश, असं वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त वास्तुविद्येच्या अध्यायात खरंच आहे. पण वास्तूचे जाणकार नेमकं इथेच पान मिटतात. त्याच श्लोकात पुढे फळझाडांनी संततीचा क्षय होतो असंही म्हटलंय. मग अंगणातला आंबा, पेरू कसा चालतो? झाडं तोडायची नसतील तर मध्ये शुभ झाडं लावा, असा उताराही लगेच दिलाय. त्या शुभ यादीत शमी आहे आणि फणसही! शमीला काटे, फणसाला चीक, वर फळंही.

शिवाय वराहमिहिर सहाव्या शतकातला आणि हे झाड मादागास्करचं. रियुनियन बेटाचा गव्हर्नर मिलियस याने ते १८२१ मध्ये फ्रान्सला नेलं. 'युफोर्बिया मिली' हे नाव त्याच्यावरूनच पडलं. पुढे थायलंडमध्ये त्याचे मोठ्या फुलांचे संकर झाले. तिथे त्याला 'पोई सियान' म्हणतात आणि एका झुबक्यात आठ फुलं आली की नशीब उघडलं असं मानतात. बँकॉकमध्ये लक्ष्मी आणणारं झाड गोंदियात येताच तिला हाकलून कसं लावतं?

भ्यायचंच तर चिकाला भ्यावं. युफोर्बिया कुळातल्या झाडांचा चीक डोळ्यात जाऊन बुबुळाला सूज आल्याचे रुग्ण 'इंडियन जर्नल ऑफ ऑप्थल्मॉलॉजी'ने २००९ मध्ये नोंदवले आहेत. छाटताना हातमोजे घालावेत. चीक डोळ्यात गेलाच तर भरपूर पाण्याने धुऊन लगेच डॉक्टर गाठावा.

बाकी किरकोळ. हा कॅक्टस नव्हे. कॅक्टसला सहसा असा दुधी चीक नसतो. रंगीत 'पाकळ्या' ही खरं तर पानं. फुलं मधल्या बारीक पिवळ्या ठिपक्यात. येशूचा काटेरी मुकुट याचाच होता म्हणतात, पण मादागास्करचं झाड जेरुसलेमला कोण नेणार?

आणि 'याला पाणी लागतच नाही' हेही खोटं. उन्हाळ्यात माती सुकली की पाणी घालावंच. धानपट्ट्यातल्या पावसात मात्र कुंडी पागोळ्यांखालून हलवावी, नाहीतर बुडखा सडतो. सडलाच तर वरचा ताठ फाटा कापून, चीक धुऊन, काही दिवस सावलीत सुकवून रेतीमिश्रित मातीत खोचावा.